घरटी एक

आमच्या घरात लेकरू रिकामं बसलेलं कुणालाच बघवत नसे. अर्धापूरहून जरा आत गेलं की केळीच्या बागांमध्ये आमचं गाव लागतं. लेकरू नीट चालायला लागलं की त्याच्या हातात काहीतरी दिलं जायचं आणि त्याला जिम्मेदारी म्हटलं जायचं. माझी पहिली जिम्मेदारी म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची लाईट आली की ओरडायचं. पुढं बढती होत होत मी शेतात डबा पोचवणं, आबांचा चष्मा हुडकणं आणि काकूच्या मोबाईलमधले सकाळच्या शुभेच्छांचे फोटो पुसून जागा करून देणं, इथवर पोचले होते.

गावाला जेवणाचं बोलावणं देणं, म्हणजे आवतन, हे मात्र मोठ्यांचं काम होतं. त्यात घराची इज्जत असते असं आबा, म्हणजे माझे आजोबा, म्हणायचे. ते कधी लेकरांच्या हाती येईल असं वाटलं नव्हतं.

मी सहावीत होते तेव्हा आमचं नवं घर बांधून झालं. पत्रे गेले, स्लॅब आला. दिवाळीच्या सुट्टीत घरभरणीचा मुहूर्त निघाला आणि नेमकी त्याच आठवड्यात केळीची कापणी आली. वडील आणि काका पहाटेपासून बागेत, आई आणि काकू सारवण-झाडणात. गावाला आवतन द्यायला माणूसच उरला नाही.

काका म्हणाले, "ग्रुपवर टाकून देतो की. एका मिनिटात गावभर होतंय."

आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ग्रुपवर टाकलं की लोक अंगठा दाखवतेत. अंगठा दाखवलेला माणूस जेवायला येत नसतो."

"मग जावं कुणी? मी घड भरून राहिलो, दादा ट्रकवाल्याच्या मागं हाय."

"लेकरं हायत की," आबा म्हणाले.

लेकरं म्हणजे मी आणि माझा चुलत भाऊ. तो माझ्याहून एका इयत्तेनं पुढं होता, त्यामुळं जगात सगळ्याच गोष्टीत पुढं असल्यासारखा वागायचा. आबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि शिकवणी सुरू केली. उंबऱ्याबाहेर थांबायचं. आधी नमस्कार. मग सांगायचं, उद्या दुपारी घरभरणीचं जेवण हाय, आबांनी बोलावलंय. पाणी दिलं तर प्यायचं. गूळ दिला तर खायचा, मागायचा नाही.

"आणि नीट ध्यानात ठेवा," आबा म्हणाले, "भावकीला चूलबंद. बाकी गावाला घरटी एक."

चूलबंद म्हणजे अख्ख्या घराला आवतन. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, बारक्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकच माणूस. आचाऱ्यानं त्याच हिशोबानं बुंदी, पुरी, वांग्याची भाजी आणि वरणभात ठरवला होता.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायला आम्ही सकाळीच निघालो. आईनं माझ्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. भावानं काकांचं घड्याळ घातलं होतं. ते मनगटावरून कोपरापर्यंत जायचं आणि हात खाली केला की परत पंजावर यायचं. त्याच्याकडं बोलण्याचं काम होतं, माझ्याकडं अक्षतांची वाटी.

पहिली काही घरं अगदी आबांनी शिकवल्यासारखी झाली. भाऊ छाती काढून म्हणायचा, मी अक्षता द्यायची, घरातलं कुणीतरी "हाव, येतो म्हणून सांगा" म्हणायचं. आम्हाला लोक "बसा" म्हणत होते, हे विशेष होतं. एरवी त्याच घरांत आम्हाला "चपला बाहेर काढा" एवढंच ऐकायला मिळायचं.

मग माझ्या मैत्रिणीचं घर आलं. शाळेत ती माझ्या शेजारी बसायची. ती अंगणात भांडी घासत होती. भावाचं भाषण तिनं हात न थांबवता ऐकलं आणि म्हणाली, "घरटी एक म्हंजे आमचा आजाच जाणार. दरवेळी त्योच जातो. येऊन सांगतो, बुंदी लई ग्वाड होती म्हणून. आमी ऐकायचं."

तिचं म्हणणं खरं होतं. गावात वर्षभर पंगती उठायच्या आणि सगळ्या पंगतींत तेच म्हातारे दिसायचे. लेकरांना बुंदी कानानंच खावी लागायची.

मी म्हटलं, "घरटी एक माणूस म्हणलंय. म्हातारा माणूस असं कुठं म्हणलंय?"

तिची आई दारात उभी होती. तिनं आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "लेकराला पाठवलं तर चालंल का?"

भावानं तोंड उघडलं. त्याच्या आधी मी बोलून गेले, "चालंल की. लेकरूच पाठवा."

मी बोलले आणि ते झालं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दावर एका मोठ्या बाईनं मान डोलावली होती. मैत्रिणीच्या हातातली राख तशीच राहिली.

गल्लीच्या वळणावर भावानं मला धरलं. "आबा टांगतील उलटं."

"कामून? घरटी एकच येणार ना? आजा आला काय, नात आली काय, पत्रावळ एकच लागणार. उलट लेकरू कमी खातंय. आबांचाच फायदा हाय."

तो विचार करत राहिला. घड्याळ कोपरापर्यंत नेलं, खाली आणलं. मग म्हणाला, "म्हंजे आमची कबड्डीची पोरं बी येतील."

"सगळी."

पुढच्या घरी तो "घरटी एक" मोठ्यानं म्हणाला आणि "लेकरू" जरा हळू. त्याच्या पुढच्या घरी दोन्ही सारख्याच आवाजात. गल्ली संपेपर्यंत त्याची जीभ अशी सरावली की जणू आबांनी हेच पाठ करून घेतलं होतं, "उद्या दुपारी घरभरणीचं जेवण हाय, घरटी एक लेकरू यावं, आबांनी बोलावलंय."

आम्हाला भीती होती की कुणीतरी विचारील, हे काय नवीन. कुणीच विचारलं नाही. मोठ्या माणसांची एक गंमत असते, नवीन गोष्ट ठासून सांगितली की त्यांना ती जुनी रीत वाटते. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "नवस असंल घराचा." गुडघे धरून बसलेला एक आजोबा म्हणाला, "बरं झालं बाबा, मला मांडी घालून बसवत न्हाई. नातवाला धाडतो." एक जण मात्र फणकारला, "म्हंजे आमी नको का तुमच्या आबाला?" भाऊ पटकन म्हणाला, "तुमचं मागून हाय." मागून म्हणजे कधी, ते त्यानं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

किराणा दुकानात दुकानदार कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून बसलेला होता. त्यानं आमचं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली. त्याचा पहिलीतला नातू शेंगदाण्याच्या पोत्यावरून उतरून आला. दुकानदार त्याला म्हणाला, "उद्या तू जायचं. घराच्या वतीनं. जाशील का?" पोरगा इतका गंभीर झाला की त्याच्या तोंडातली लिमलेटची गोळी गालातच थांबली. त्यानं मान हलवली आणि परत पोत्यावर जाऊन बसला, पण आता ताठ.

शेवटच्या गल्लीत एका घरापुढून भाऊ मान खाली घालून सटकायला लागला. "हे सोडायचं. आबांनी मला वेगळं सांगितलंय."

ते आबांच्या चुलत भावाचं घर होतं. खरं तर भावकीतलंच, चूलबंद मिळायला हवं असं. पण दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक कडुलिंब होता, तो कुणाचा यावरून आमच्या जन्माआधीच बोलणं बंद झालं होतं. वाटेत समोर आले की दोघांपैकी एकाला अचानक चपलेत खडा सापडायचा. लिंबाखाली सावलीला मात्र दोन्हीकडची जनावरं बसायची.

त्या घरातली नात भिंतीवर पाय सोडून बसली होती. माझ्याहून एखाद्या वर्षानं लहान. शाळेत आम्ही बोलायचो, गावात नाही. ती म्हणाली, "आमच्याकडं न्हाई का?"

मी खरं ते सांगितलं. "तुमच्या घराला द्यायचं न्हाई म्हणलेत आबा."

तिनं जरा वेळ पाय हलवले. "घराला नको देऊ. मला दे."

मी भावाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता, म्हणजे त्यानं काही पाहिलं नाही असं पुढं सांगता आलं असतं. मी वाटीतल्या उरलेल्या अक्षता तिच्या ओंजळीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या घरापुढं मांडव टाकला होता. सकाळची पूजा झाली होती. आबा कडक टोपी घालून मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर बसले, शेजारी गंधाची वाटी आणि पानसुपारीचं ताट. भावकीतले लोक वाढायला कमरा बांधून उभे. आचारी बुंदीच्या परातीवरचं फडकं काढून ठेवत होता.

पहिली माझी मैत्रीण आली. तेल लावून चापून बसवलेले केस, कानात आईच्या कुड्या. आबांनी तिला बघून तिच्या मागं बघितलं.

"आजा मागून येऊन राहिला का?"

"न्हाई. मीच हाय."

आबांना वाटलं, म्हातारा आजारी असेल. त्यांनी विचारपूस केली, गंध लावलं, आत पाठवलं. मग कबड्डीची दोन पोरं आली. मग पोलीस पाटलाचा नातू, आजोबांचं उपरणं खांद्यावर टाकून. ते मागं जमिनीवर लोळत होतं. तो थेट आबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चढला, पायावर पाय टाकला आणि म्हणाला, "काय म्हणता, कापणी कशी काय?"

आबा त्याच्याकडं बघतच राहिले. "बरी हाय," ते म्हणाले.

नंतर रस्ताच भरून आला. सगळ्या गल्ल्यांमधून एकेक लेकरू, धुतलेलं, पावडर लावलेलं, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात पिशवीत टॉवेल. एक मुलगी काखेत बारका भाऊ घेऊन आली आणि दारातच आबांना म्हणाली, "घरटी एक म्हणलं होतं. ह्याला धरू नका, ह्यो अजून जेवत न्हाई." दुकानदाराचा नातू विभूती लावून आला. त्यानं आधी पाय धुवायला पाणी मागितलं. कारण त्याच्या घरात तशी पद्धत होती, आणि तो आज घर होता.

आबांनी वाटी खाली ठेवली. मांडवभर नजर फिरवली आणि आम्हा दोघांना बोटानं बोलावलं. त्या बोटाला आम्ही चांगले ओळखत होतो.

"आवतन काय दिलं तुम्ही?"

भाऊ घड्याळ फिरवत राहिला. मी म्हटलं, "घरटी एक."

"घरटी एक काय?"

"लेकरू."

आबांची टोपी कपाळावर खाली सरकली. काका धावत आले, त्यांना हसू आवरत नव्हतं आणि आबांपुढं हसताही येत नव्हतं. ते म्हणाले, "थांबा, मी आता ग्रुपवर टाकतो. ह्या लेकरांना बुंदीचे पुडे देऊन घरी धाडू आणि म्हाताऱ्यांना बोलवू."

आबांनी पंगतीकडं बघितलं. दुकानदाराचा नातू तोवर पंगतीत जाऊन मांडी घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, समोर रिकामी पत्रावळ.

"आलेल्या पाव्हण्याला ऊठ म्हणायची आपल्याकडं पद्धत न्हाई," आबा म्हणाले. मग आम्हा दोघांकडं वळले. "तुम्ही बोलावलंय ना? मग आग्रह तुम्हीच करायचा. एक बी उपाशी उठला तर बघतो."

वाढायला सुरुवात झाली आणि पहिल्याच फेरीला घोटाळा झाला. या लेकरांनी आयुष्यभर पंगतीतली मोठी माणसं लांबून पाहिली होती. वाढपी आला की पत्रावळीवर हात आडवा धरायचा आणि "बास, बास" म्हणायचं, हे त्यांना पाठ होतं. भावकीतला वाढपी बुंदीचं घमेलं घेऊन आला, सगळ्यांनी शिस्तीत हात आडवे धरले, आणि तो भला माणूस खरंच पुढं निघून गेला. घमेलं पंगतीच्या शेवटाला पोचेपर्यंत कुणाच्याच पत्रावळीवर बुंदी नव्हती. एका टोकाला कुणीतरी मुसमुसायला लागलं.

भाऊ घमेल्यामागं धावला. मी पंगतीत उभी राहून सांगितलं, "हात काढा आधी. आणि बास म्हणायचं असंल तर पोट भरल्यावर म्हणा."

पोलीस पाटलाचा नातू म्हणाला, "पण आग्रह करायला लागतो ना आधी?"

मग मी आग्रह केला. एकेकासमोर वाकून, "घ्या की, माझी शपथ, एवढंच घ्या," असं आईच्या आवाजात. त्यांना तो इतका आवडला की बुंदीपेक्षा आग्रहासाठीच हात आडवे यायला लागले. माझा घसा बसला. मैत्रीण सगळ्यात खट्याळ, ती तीनदा "नको नको" म्हणाली आणि तिन्ही वेळा मला तिची हनुवटी धरायला लावली.

काखेतला जो अजून जेवत नव्हता, त्यानं बहिणीच्या पत्रावळीतली बुंदी दोन्ही मुठींनी खाल्ली.

वांग्याच्या भाजीला कुणी हात लावला नाही. आचाऱ्यानं ती मोठ्या माणसांच्या जिभेच्या मानानं केली होती, तर्री वर तरंगत होती. बुंदीची परात खरवडली गेली आणि भाजीचं पातेलं काठोकाठ तसंच राहिलं. आचारी पातेल्यात बघत बसला होता. त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं असावं.

पण मला जास्त आठवतं ते दुसरंच. एरवी ही लेकरं एकत्र आली की गोंधळ ठरलेला. त्या दिवशी कुणी कुणाच्या पत्रावळीतलं उचललं नाही. प्रत्येकाला घरून काहीतरी सांगून पाठवलं होतं, ते विसरू नये म्हणून काही जण ओठातल्या ओठात घोकत होते. हात धुऊन झाले की एकेक जण आबांपुढं येऊन उभा राहायचा आणि निरोप द्यायचा.

"आमच्या बाबानं सांगितलंय, घर चांगलं झालं. आणि रानात पाळी घालायला ट्रॅक्टर कवा पाठवता म्हणून विचारलंय."

"आईनं सांगितलंय, काकूला म्हणावं सोमवारी चाळणी परत दे."

"आजानं सांगितलंय, पुढच्या वेळी खुर्च्या ठेवा, मग मी येतो."

आबा प्रत्येकाला उत्तर देत होते. सुरुवातीला तुटक, मग नीट विचार करून. पानसुपारी द्यायची तर लेकरांना कशी द्यायची, म्हणून ते ताटातली खडीसाखर हातावर ठेवू लागले.

सगळ्यात शेवटी ती आली, भिंतीवरची. बहुतेक मुद्दाम मागं राहिली असावी. तिच्या हातात नारळ होता आणि त्यावर घडी घातलेली नवी टोपी. आबांनी तिला ओळखलं. गावात न ओळखणं परवडतं, दारात आलेल्या माणसाला न ओळखणं अवघड असतं.

तिनं नारळ आणि टोपी पुढं केली. मग डोळे मिटून, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाली, "आज्यानं सांगितलंय, आमाला आवतन न्हाई, म्हणून आमी आलोत असं समजू नये. लेकरू खेळता खेळता आलंय. टोपी मोठी झाली तर बदलून मिळंल."

काका खांबाला टेकून जमिनीकडं बघत होते. आबांनी डोक्यावरची टोपी काढली, नवी घातली, हातानं चाचपून बघितली.

"बरोबर बसली," ते म्हणाले. "जेवलीस का?"

"हाव. भाजी सोडून."

आबांनी उरलेली सगळी खडीसाखर तिच्या हातात ओतली.

संध्याकाळी आम्हा दोघांचा नंबर लागणार हे नक्की होतं. भावानं त्यासाठी आतून दोन पँटी घातल्या होत्या. पण तेवढ्यात गल्लीतल्या दोन-तीन बायका नवं घर बघायला आल्या आणि त्यातली एक आबांना म्हणाली, "तुमी बाकी लई चांगलं केलं. अख्ख्या गावातली लेकरं घरात फिरली. आजवर कुणाला असं सुचलं न्हाई."

आबांनी आमच्याकडं एकदा बघितलं. मग बायकांना म्हणाले, "हाव, आधीपासून मनात होतं माझ्या."

भाऊ माझ्याकडं बघत होता, मी आबांकडं. आबा छताकडं. त्यानंतर आम्हाला मारायला त्यांच्याकडं कारणच उरलं नाही. स्वतःच्याच मनात असलेल्या गोष्टीसाठी नातवंडांना कसं मारणार?

पण प्रश्न मिटला नव्हता. गावातली मोठी माणसं जेवायची राहिली होती, आणि भावानं "तुमचं मागून हाय" असं सांगून ठेवलं होतं. वांग्याच्या भाजीनं भरलेलं पातेलंही होतं. आबांनी आचाऱ्याला थांबवून घेतलं, भाजी त्याच रात्री भावकीत वाटून टाकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्यांची पंगत ठरवली. आणि सकाळी आवतन द्यायला या वेळी ते स्वतः निघाले. आम्ही दोघं मागून. "तुम्ही तोंड उघडायचं न्हाई," एवढीच जिम्मेदारी आमच्याकडं होती.

दारोदारी लोक आबांना म्हणाले, "आवो, नातीला धाडलं असतं तरी चाललं असतं." आबा खोकत होते आणि पुढं जात होते.

शेवटच्या गल्लीत मी आणि भाऊ सवयीनं त्या घरापुढून झपझप निघालो. मागं बघितलं तर आबा थांबलेले. डोक्यावर ती नवी टोपी होती. भिंतीवर आज कुणी नव्हतं, पण दार उघडं होतं. आत त्यांचा चुलत भाऊ, आबांसारखंच नाक, आबांसारखीच वाकलेली मान, बाजेवर बसून मोबाईल कानाशी धरून काहीतरी ऐकत होता.

आबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आम्हाला शिकवलं होतं तसंच. नमस्कार केला. मग म्हणाले, "पोरीचं पोट बरं हाय का? लई बुंदी खाल्ली काल."

म्हाताऱ्यानं मोबाईल खाली ठेवला. "पोटाचं काय न्हाई. खडीसाखर एवढी कामून दिली? रात्रभर मुंग्या."

"आज संध्याकाळी जेवण हाय," आबा म्हणाले. "चूलबंद."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. म्हातारा टोपीकडं बघत होता. "आत या," तो म्हणाला. "उभ्यानं सांगायचं अन् जायचं, असं पोस्टमन करतो."

आबा आत गेले. आम्हाला पाणी मिळालं, गूळ मिळाला, न मागता. ते दोघं बाजेवर शेजारी शेजारी बसले आणि चहा येईपर्यंत एकमेकांशी नीट काही बोलले नाहीत. चहा आल्यावर मात्र लिंबाचा विषय निघाला. धुरा आधी कुठून जात होता, कुणाच्या बापानं दगड हलवला, लिंब कुणी लावला. आवाज चढले. बशीतला चहा सांडला. ती नात आतल्या दारातून मला खुणावत होती, ये म्हणून, आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात गेलो, भाऊही आला. बाहेरून भांडण चांगलं ऐकू येत होतं. दोघांचीही मजा चालली होती, इतकं आम्हाला कळत होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं एका चहात कसं संपणार?

निघालो तेव्हा लिंब कुणाचा ते ठरलं नव्हतं. आजही ठरलेलं नाही. दोघंही आता नाहीत, लिंब आहे. मी लातूरला नोकरीला आले, ती भिंतीवरची नात देगलूरकडं दिली, भाऊ केळी बघतो. गावाकडं गेले की कधीतरी त्या धुऱ्यावर चक्कर होते.

त्या दिवशी परत येताना आबा पुढं चालत होते. आम्ही दोघं मागून, शहाण्यासारखे. घरापुढच्या मांडवात आचारी वांगी चिरत बसला होता. आबा त्याच्यापाशी थांबले, चिरलेल्या वांग्यांचा ढीग बघितला, आणि म्हणाले, "तिखट जरा हात राखून टाक बाबा. त्याला पित्त होतंय, लहानपणापासून."